दिवाळसणाला जावयाला सेंट घेताय? बाटली उचलण्याआधी एवढं बघा

दिवाळी विशेष | तालुका प्रतिनिधी

सोयाबीनचे पैसे हातात पडले की तालुक्याच्या बाजारात गर्दी सुरू होते. कपडे, फराळाचं सामान, उटणं, पणत्या आणि घरात पहिला दिवाळसण असेल तर जावयाचा मानपान. शर्ट-पँटचं कापड देण्याची जुनी पद्धत आता मागं पडत चाललीय. माप कळत नाही, शिलाई महाग झालीय आणि पोरांना रेडीमेड लागतं. म्हणून मग कुणीतरी सुचवतं, "सेंटची बाटली द्या की, बॉक्समध्ये भारी दिसते."

आमच्या घरातही हेच झालं. पुतणीचा पहिला दिवाळसण होता आणि बाजाराचं काम माझ्याकडं आलं. आठवडी बाजारात एका चादरीवर बाटल्या मांडलेल्या होत्या. मोठ्या कंपनीचं नाव, वर चकचकीत कागद, किंमत छापलेली २,४९५ रुपये. विकणारा म्हणाला, "दिवाळी ऑफर, साडेतीनशेला घेऊन जा." मला वाटलं आपण लय हुशारी केली. पाडव्याला जावईबापूंनी तो मानेला मारला, आमच्यासोबत डाळिंबाच्या बागेत चक्कर मारली आणि दुसऱ्या दिवशी मानेवर लाल चट्टे. पाव्हणा बिचारा बोलला नाही, मफलर गुंडाळून बसला. पंधरा दिवसांनी पुतणीनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टरांनी तो सेंट बंद करायला सांगितला होता. पुढच्या बाजारी मी त्या जागेवर गेलो, तिथं चादर नव्हती, माणूसही नव्हता. हातात पावती नाही, तक्रार करणार कुणाकडं?

त्यानंतर मी या विषयाची जरा माहिती काढली. दुकानदारांशी बोललो, लेबलं वाचायला शिकलो. तुमचे पैसे आणि पाव्हण्याची मान, दोन्ही वाचावीत म्हणून ती इथं देतोय. कुठल्या कंपनीची जाहिरात यात नाही.

कोलन, सेंट, अत्तर, बॉडी स्प्रे : फरक काय?

आपण सगळ्यालाच सेंट म्हणतो. पण बाटलीत काय आहे त्यावर किंमत आणि वास किती टिकणार, हे ठरतं.

कोलन हे नाव जर्मनीतल्या कोलोन शहरावरून आलं. तिथं १७०९ साली फरिना नावाच्या इटालियन घराण्याचा कारखाना सुरू झाला. योहान मारिया फरिना यांनी लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीतलं तेल स्पिरिटमध्ये मिसळून हलक्या वासाचं पाणी तयार केलं आणि त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे माहीत आहे, फक्त वेगळ्या कामासाठी. ताप आला की कपाळावर 'कोलन वॉटर'च्या पट्ट्या ठेवायचे ना, तेच हे. स्पिरिट उडून जाताना गार लागायचं. आता डॉक्टर तापाला साध्या पाण्याच्याच पट्ट्या सांगतात, ते लक्षात असू द्या.

आजच्या बाटल्यांवर इंग्रजीत तीन-चार प्रकार लिहिलेले असतात. त्यात सुगंधी तेल किती आणि स्पिरिट किती, एवढाच मुख्य फरक. साधारण हिशोब असा :

• ओ द कलोन (ई.डी.सी.) : सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के. वास हलका, दोनेक तासांत उतरतो.
• ओ द टॉयलेट (ई.डी.टी.) : ५ ते १५ टक्के. तीन-चार तास टिकतो. नाव ऐकून हसू नका, संडासाशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आवरासावर, नटणं-थटणं असा आहे.
• ओ द परफ्युम (ई.डी.पी.) : १५ ते २० टक्के. पाच-सहा तास किंवा जास्त टिकतो.
• नुसतं परफ्युम किंवा एक्स्ट्रेट : २० टक्क्यांच्या वर. सगळ्यात महाग आणि सगळ्यात उग्र.

फवारणीच्या भाषेत सांगायचं तर पंप तोच, पण औषधाचं प्रमाण वेगळं. म्हणून दोन बाटल्यांच्या किमतींची तुलना करताना आधी ही अक्षरं बघा. शंभर मिलीचं कलोन आणि शंभर मिलीचं ई.डी.पी. एका भावात मिळणार नाही. मिळालं तर त्यात काहीतरी गडबड आहे असं समजा.

बॉडी स्प्रे किंवा डिओ हा वेगळा प्रकार. पत्र्याच्या डब्यात दाबानं भरलेला गॅस असतो आणि तो बहुतेक वेळा आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचा असतो. डब्यावर १५० मिली लिहिलेलं दिसलं तरी त्यात गॅसही धरलेला असतो. रोज वापरायला ठीक आहे, पण मानाची भेट म्हणून द्यायची असेल तर त्याच पैशात लहानशी काचेची बाटली बरी दिसते आणि जास्त दिवस पुरते.

अत्तराला विसरू नका

आपल्याकडं मानाला अत्तर लावायची पद्धत सेंटच्या कितीतरी आधीची. लग्नात अत्तरदाणी-गुलाबदाणी फिरायची, म्हातारी माणसं कानात अत्तराचा फाया ठेवायची. अत्तरात स्पिरिट नसतं, तेल असतं. त्यामुळं थेंबभर पुरतं आणि वास हळूहळू सुटतो.

उत्तर प्रदेशातलं कन्नौज हे अत्तराचं जुनं गाव. तिथं अजून तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून खाली लाकडं-गोवऱ्या पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, त्याचंसुद्धा ते अत्तर काढतात, भाजलेल्या मातीपासून. शेतकरी माणसाला द्यायला याच्यापेक्षा आपली वाटणारी भेट कुठली?

आणि हा धंदा आपल्या रानापासून लांब नाही. वाळ्याच्या मुळाचं तेल, गवती चहाचं तेल, खानदेशातल्या डोंगरउतारावर उगवणाऱ्या तिखाडी गवताचं रोशा तेल, हे सगळं सुगंधाच्या कारखान्यात जातं. अलीकडं आपल्या राज्यातले काही शेतकरी जिरेनियमही लावतायत. त्याच्या पाल्याचं तेलही तिकडंच खपतं.

फक्त एक सांगतो. खरं चंदनाचं तेल फार महाग आहे. शंभर रुपये तोळ्यानं 'अस्सल चंदन' कुणी देत असेल तर ते चंदन नाही, चंदनासारखा वास आहे. त्यात दुसरं स्वस्त तेल असतं. वास आवडला तर घ्या, पण अस्सलचे पैसे मोजू नका. दुसरी गोष्ट, अत्तर पांढऱ्या सदऱ्यावर लावलं तर डाग पडतो. कानामागं किंवा मनगटावर लावायचं.

आधी माणूस बघा, मग बाटली

आपल्याला आवडलेला वास समोरच्याला आवडेलच असं नाही. घेण्याआधी गुपचूप चौकशी करा. मुलीला विचारा, "पाव्हणं काय वापरतात?" आधीची बाटली असेल तर फोटो मागवा. काहीच कळलं नाही तर तो आंघोळीला कुठला साबण वापरतो ते विचारा. लिंबाच्या वासाचा की चंदनाच्या वासाचा, एवढ्यावरूनही अंदाज येतो.

• जावई नोकरीवाला, एसीत बसणारा असेल : लाकडाचा, चंदनाचा किंवा लव्हेंडरसारखा मध्यम वास. बंद खोलीत उग्र वास शेजाऱ्याला नको होतो.
• भाऊ किंवा नवरा शेतात, गाडीवर, उन्हात फिरणारा असेल : लिंबू, संत्रं, वाळा असला हलका, गार वास. घामात गोड आणि जड वास मिसळला की डोकं दुखतं.
• वडील किंवा सासरे : बऱ्याच जुन्या माणसांना वाळा, चंदन, मोगरा किंवा गुलाबाचं अत्तरच बरं वाटतं.
• कॉलेजचा पोरगा : त्याला मित्रांमध्ये चालणारं हवं असतं. त्याला सोबत घेऊन जा, पैसे तुम्ही द्या.

ज्याला दमा आहे, वासानं शिंका किंवा डोकेदुखी होते, त्याला सेंट देऊच नका. दुसरं काही द्या. घरात कुणाला दमा असेल तरी हाच विचार करा. आणखी एक, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्याला माहीत असतं की वास मारून पेटीजवळ गेलं तर माश्या चवताळू शकतात. अशा माणसाला द्यायचं असेल तर फक्त कार्यक्रमापुरतं वापरायला सांगा.

दुकानात वास कसा बघायचा?

झाकण काढून नाक लावलं आणि घेतलं, इथंच आपण फसतो. सेंटचा वास तीन टप्प्यांत उलगडतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जो वास येतो तो उडून जाणारा असतो, बहुतेक लिंबू-संत्र्याचा. नंतर मधला येतो. शेवटी तासाभरानं जो राहतो तोच खरा, दिवसभर अंगावर राहणारा.

म्हणून असं करा. दुकानदाराकडं टेस्टर मागा. आधी कागदाच्या पट्टीवर मारून बघा. आवडला तर मनगटावर एकदा मारा, चोळू नका. मग दुसरा बाजार करा, चहा प्या आणि अर्ध्या-एक तासानं परत वास घ्या. तेव्हाही आवडला तरच बाटली घ्या. एका वेळी तीनच्या वर वास बघू नका, नाक बधिर होतं आणि सगळे सारखेच वाटायला लागतात.

तुमच्या हातावर जसा वास आला तसाच पाव्हण्याच्या अंगावर येईल असंही नाही. कोरड्या कातडीवर तो लवकर उडतो. म्हणून भेट देताना नेहमी मध्यम वास निवडा, फार उग्र नको.

लेबल वाचा, नाहीतर माझ्यासारखं होईल

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बॉक्सवर आणि बाटलीवर खालच्या गोष्टी असायलाच पाहिजेत :

१. बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता.
२. बॅच नंबर. बॉक्सवर आणि बाटलीवर एकच असला पाहिजे. मी घेतलेल्या बाटलीचा नंतर बघितला, दोन्हीकडं वेगळा होता.
३. बनवण्याच्या परवान्याचा नंबर. त्याच्या आधी इंग्रजी 'एम' अक्षर असतं.
४. बनवल्याचा महिना-वर्ष आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख.
५. किती मिली आणि सर्व करांसह कमाल किंमत, म्हणजे एमआरपी.
६. आत काय काय आहे त्याची यादी.
७. तक्रारीसाठी फोन नंबर किंवा ई-मेल.

माल परदेशी असेल तर भारतात आणणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबर असतो. 'इंपोर्टेड आहे म्हणून काही लिहिलेलं नाही' असं कुणी सांगितलं तर पुढं चालायला लागा.

बनावट माल ओळखायच्या काही खुणा : किमतीच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर, कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेलं, टोपण ढिलं, फवारा नीट न उडता थेंब गळणं आणि नाकाला नुसती स्पिरिटची झणझण. सगळ्यात मोठी खूण म्हणजे भाव. दिवाळीत दहा, वीस, तीस टक्के सूट समजू शकते. अडीच हजाराची वस्तू साडेतीनशेला मिळत असेल तर त्यात सूट कसली? 'फर्स्ट कॉपी' हा शब्द ऐकला की समजा, तो स्वतःच सांगतोय की माल नकली आहे.

आणि संपलेली चांगली बाटली भंगारात देताना लेबल खरवडून टाका. मोकळ्या बाटल्या भरून परत विकणारेही असतात.

किमतीचा हिशोब मिलीवर करा

मोठा बॉक्स बघून भुलू नका, आत निम्मा पुठ्ठाच असतो. समजा ३० मिलीची बाटली ३०० रुपयांना आणि १०० मिलीची ६०० ला आहे. पहिली पडली १० रुपये मिली, दुसरी ६ रुपये. रोज वापरणारा असेल तर मोठी परवडते. पण कधीमधी लग्नाकार्यात वापरणाऱ्याला लहानच द्या. उघडलेली बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली की वास बदलतो. चारशे-पाचशे रुपयांत पावतीसह लेबलवाली लहान बाटली आली तर ती दोन हजारांच्या बिनपावतीच्या बॉक्सपेक्षा भारी.

मोबाइलवरून मागवत असाल तर

विकणाऱ्याचं नाव आणि ग्राहकांचे शेरे वाचा. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून मागवलेलं बरं. सेंट परत घेतात का, ते आधीच बघा, कारण बऱ्याच ठिकाणी उघडलेला सेंट परत घेत नाहीत. पार्सल फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, पुढं तक्रारीला कामी येतो. न मागवलेलं पार्सल 'पैसे देऊन घ्या' म्हणून दारात आलं तर घेऊ नका.

व्हॉट्सअॅपवर 'दिवाळी ऑफर, ९९ रुपयांत परफ्युम' असल्या लिंक फिरतात. त्या दाबू नका, ओटीपी कुणाला देऊ नका. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या नंबरवर फोन करा.

मुलगा मिलिटरीत किंवा भाऊ लांब नोकरीला आहे आणि फराळासोबत सेंट पाठवायचा विचार असेल तर थांबा. सेंट पेट घेणारा असतो, पोस्टाच्या पार्सलात तो चालत नाही. त्याच्या पत्त्यावर ऑनलाइन मागवा किंवा सुट्टीला आल्यावर द्या.

दिवाळीत सेंट आणि आग

सेंटमध्ये बहुतांश स्पिरिट असतं हे आपण विसरतो. ओवाळायला पाटावर बसलाय, ताटात निरांजन आहे आणि पोरं गंमत म्हणून सेंट उडवतायत, असं होऊ देऊ नका. फवाऱ्यावर ज्योत आली की क्षणात भडका होतो. आधी सेंट, मग पाच मिनिटं थांबून ओवाळणी. सेंट मारून लगेच फटाके उडवायला किंवा चुलीपुढं, गॅसपुढं जाऊ नका. बॉडी स्प्रेचा रिकामा डबा कचऱ्यासोबत जाळू नका, तो फुटतो.

बाटली लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, लगेच दवाखाना गाठा. पत्र्याच्या घरात खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हानं वास बिघडतो. कपाटात, अंधारात, गार जागी ठेवा.

पाव्हण्याला हेही सांगा

नवीन सेंट आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा मारून एक दिवस वाट बघायची. खाज, लाली आली नाही तरच वापरायचा. दाढी केल्यावर लगेच गालावर मारायचा नाही, आग होते. आणि मानेला सेंट मारून उन्हात जायचं नाही. काही सेंटमधल्या लिंबू जातीच्या तेलांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग राहतात. आमच्या जावईबापूंच्या बाबतीत दोष बनावट मालाचा की बागेतल्या उन्हाचा, हे आता सांगता येणार नाही, पण दोन्ही टाळता आलं असतं. शेतात जायचं असेल तर सेंट नको, कार्यक्रमाला जायचं असेल तर दोन-तीन फवारे, वीतभर अंतरावरून. बस.

फसलात तर कुठं जायचं?

पावती घेतलीच पाहिजे, कच्ची नको, दुकानाचं नाव-पत्ता असलेली पक्की. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा छापील किंमत खाडाखोड केली तर वैधमापन शास्त्र विभागाकडं, म्हणजे आपल्या भाषेत वजनमापे खात्याकडं तक्रार करता येते. माल बनावट वाटला, त्रास झाला तर अन्न व औषध प्रशासनाकडं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बाटली, बॉक्स, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, फेकून देऊ नका. मी पावती घेतलीच नव्हती, म्हणून मला गप्प बसावं लागलं.

गेल्या दिवाळीला पाव्हणं परत आले. या वेळी तालुक्याच्या दुकानातून पावतीसह पाच मिलीची वाळ्याच्या अत्तराची कुपी आणली. बॉक्स लहान होता, घरच्यांना वाटलं मानाला कमी पडेल. पाव्हण्यानं आधी कोपरावर लावून बघितलं, दुसऱ्या दिवशी मनगटावर लावलं आणि म्हणाले, "मामा, आमच्या आजोबांच्या फेट्याला असाच वास यायचा."

माहिती कामाची वाटली तर बाजाराला जाणाऱ्या माणसाला पुढं पाठवा. सगळ्या वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.